विहारासाठी हाताने घडवलेली बुद्धमूर्ती: ठरवण्यापासून बसवण्यापर्यंत

रावेरपासून शहाद्यापर्यंत गावोगावी नवे विहार उभे राहत आहेत, जुने नव्याने बांधले जात आहेत. स्लॅब किती इंचाचा, फरशी कोणती, पंखे किती, यावर समितीच्या बैठकांमागून बैठका होतात. मूर्तीचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि तोवर वर्गणी संपत आलेली असते. मग कोणीतरी मोबाइलवर आलेला फोटो दाखवतो, "अशीच करा" म्हणून तो कारागिराकडे जातो. पुढच्या दोन-तीन पिढ्या ज्या चेहऱ्यासमोर वंदना घेणार, तो चेहरा पाच मिनिटांत ठरून जातो. हा क्रम उलटा करा असे माझे कळकळीचे सांगणे आहे. इमारतीचा नकाशा काढतानाच मूर्तीचा विचार सुरू करा. मूर्ती आधी वाचायला शिका, मग मागवा. घरासाठी फूटभर उंचीची मूर्ती घ्यायची असली तरी यातले बरेचसे तसेच लागू पडते.

आधी प्रसंग ठरवा, मग मुद्रा

बुद्धमूर्तीतला प्रत्येक हात काहीतरी सांगत असतो. उजवा हात गुडघ्यावरून खाली येऊन बोटे जमिनीला टेकलेली, डावा हात मांडीवर उताणा, ही भूमिस्पर्श मुद्रा. बोधगयेला माराने, म्हणजे मोहाच्या मूर्त रूपाने, आव्हान दिले तेव्हा सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षीला बोलावले, तो हा क्षण. दोन्ही हात मांडीवर, डाव्यावर उजवा आणि अंगठ्यांची टोके जुळलेली, ही ध्यानमुद्रा. दोन्ही हात छातीशी, बोटांची वर्तुळे एकमेकांना भिडलेली, ही धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेला पहिला उपदेश. उजवा तळवा खांद्याच्या उंचीवर समोर, बोटे वर, ही अभयमुद्रा. तळवा समोर पण बोटे खाली, ही वरदमुद्रा. उजव्या कुशीवर पहुडलेली मूर्ती महापरिनिर्वाणाची.

आता आपल्या जागेचा उपयोग काय ते बघा. विहाराला जोडून अभ्यासिका असेल, मुले रोज संध्याकाळी पुस्तके घेऊन बसत असतील, तर उपदेश देणारे बुद्ध तिथे शोभतात. विपश्यनेची बैठक असेल तर ध्यानमुद्रा. रस्त्याकडे तोंड करून, उघड्यावर मूर्ती बसवायची असेल तर उभी अभयमुद्रा सर्वांत चांगली, कारण ती दुरूनही वाचता येते. भूमिस्पर्श मुद्रा कुठेही चालते. मात्र कारागीर पुष्कळदा हात गुडघ्यावरच थांबवतात आणि बोटे हवेत राहतात. जमिनीला स्पर्श नसेल तर साक्ष कोणाची? बोटांची टोके आसनाला टेकलीच पाहिजेत, हे कागदावर लिहून घ्या.

दुकानात मिळणारा, पोट सुटलेला हसरा पुतळा गौतम बुद्धांचा नाही, तो चीनमधल्या बुदाई नावाच्या भिक्खूचा. आणि दिवाणखान्यात शोभेसाठी नुसते मस्तक ठेवू नये असे मला वाटते. मोडलेल्या, चोरून नेलेल्या मूर्तींची तुटलेली मस्तके बाजारात आली आणि त्यातून ही पद्धत रुळली.

ऑर्डरच्या आधी अजिंठा

जगभरचे मूर्तिकार जे पाहायला विमानाने येतात ते जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असली तरी त्यांच्या पायथ्याची वाघूर नदी पुढे आपल्याकडेच येऊन तापीला मिळते. सोमवारी लेणी बंद असतात. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात, तिथून पुढे एसटीची बस. समितीतल्या चार-पाच जणांनी आणि शक्य असेल तर मूर्तिकारानेही सोबत जावे. वही-पेन्सिल न्या. चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅश मारू नका आणि मूर्तीला हात लावू नका.

सुरुवात १० क्रमांकाच्या लेण्यापासून करा. इसवी सनापूर्वीच्या काळातले हे चैत्यगृह, म्हणजे वंदनेचे सभागृह; आत फक्त साधा स्तूप आहे. त्या काळी बुद्धांना माणसाच्या रूपात दाखवत नसत. स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र, रिकामे आसन, पाऊलखुणा एवढ्यावरच सगळे सांगितले जाई. मग १९ क्रमांकात या. इथे तशाच स्तूपाच्या दर्शनी भागातून उभे बुद्ध बाहेर आलेले दिसतील. दोन्हींमध्ये काही शतकांचे अंतर आहे. समितीकडे मूर्तीपुरते पैसे नसतील तर छोटा, नीट घडवलेला स्तूप किंवा धम्मचक्र हीसुद्धा तितकीच जुनी आणि खरी परंपरा आहे, हे या दोन लेण्यांत आपोआप पटते.

१ क्रमांकाच्या गर्भगृहात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली मोठी मूर्ती आहे. तिच्या बैठकीवर चक्र, हरणे आणि ऐकत बसलेले शिष्य कोरले आहेत. हरणे सारनाथच्या मृगदावाची, म्हणजे हरणांच्या वनाची खूण. या मूर्तीजवळ थोडे जास्त थांबा. तिथले मार्गदर्शक उजेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा समोरून टाकून दाखवतात आणि त्याच चेहऱ्यावरचा भाव बदलत जातो: कधी गंभीर, कधी हसरा, कधी ध्यानमग्न. हे कारागिरीचे शिखर आहे आणि आपल्या मूर्तीची परीक्षा घेण्याची पद्धतही इथूनच उचलायची आहे.

१६ क्रमांकात पाय खाली सोडून खुर्चीवर बसल्यासारखे बुद्ध दिसतात. याला प्रलंबपादासन म्हणतात. २६ क्रमांकात सुमारे ७ मीटर लांबीचे महापरिनिर्वाण आहे. खाली शोक करणारे शिष्य, वर आकाशातले गंधर्व, आणि मध्ये झोपी गेल्यासारखा शांत देह. त्याच लेण्यात मारविजयाचा देखावा आहे. माराची फौज, त्याच्या मुली, हत्ती, गोंधळ आणि मध्यभागी भूमिस्पर्श मुद्रेतले स्थिर बुद्ध. भोवतीच्या हलकल्लोळामुळे ती स्थिरता किती वाढते ते पाहा. जाताना २४ क्रमांकाच्या अपूर्ण लेण्यातही डोकावा. छन्नीचे घाव तिथे उघडे दिसतात आणि खडक कसा काढत नेला ते समजते.

डोळे, केस, कान

महापुरुषाची ३२ लक्षणे सांगितली जातात. सगळी मूर्तीत येत नाहीत, पण जी येतात ती चुकली तर मूर्ती बुद्धांची वाटत नाही. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष. तो केसांचा बांधलेला अंबाडा नाही, प्रज्ञेची खूण आहे. म्हणून तो कवटीतूनच वर आल्यासारखा दिसला पाहिजे. केसांच्या बारीक कुरळ्या बटा उजवीकडे वळलेल्या असतात. भुवयांमधला छोटा ठिपका म्हणजे ऊर्णा. तिला कुंकवासारखा लाल रंग लावणे चूक. लांब, रिकाम्या कानपाळ्या राजपुत्राने उतरवून ठेवलेल्या जड कुंडलांची आठवण देतात. गळ्यावर तीन हलक्या वळ्या. तळहातावर आणि तळपायावर चक्र. बैठकीवर चक्र कोरायचे असेल तर आठ आऱ्यांचे, कारण ते आर्य अष्टांगिक मार्गाचे. राष्ट्रध्वजावरच्या अशोकचक्राला २४ आरे असतात. दोन्हींची गल्लत बऱ्याच ठिकाणी झालेली दिसते.

डोळ्यांचा प्रश्न आपल्या समाजात वेगळा आहे आणि त्यावर समितीत मोकळेपणाने बोलले पाहिजे. जुन्या मूर्तींत पापण्या अर्ध्या मिटलेल्या असतात. बाबासाहेबांनी स्वतः काढलेल्या बुद्धाच्या चित्रात मात्र डोळे उघडे आहेत. जगाच्या दुःखाकडे पाहणारे, जागे बुद्ध त्यांना हवे होते. ज्या विहारात लग्ने लागतात, सभा होतात, मुले शिकतात तिथे उघडे, किंचित खाली झुकलेले डोळे मला अधिक योग्य वाटतात. ध्यानकक्षात अर्धोन्मीलित असावेत. काहीही निवडा, पण कारागिराच्या सवयीवर सोडू नका.

शैलीही एकच धरा. गांधार शैलीत दोन्ही खांदे झाकलेले आणि चीवराच्या, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राच्या, जाड चुण्या. मथुरेच्या जुन्या मूर्तींत उजवा खांदा उघडा. पाचव्या शतकातल्या सारनाथच्या मूर्तींत चीवर इतके तलम की फक्त काठ दिसतो. थायलंडच्या मूर्तींत उष्णीषावर ज्योतीसारखे टोक. ब्रह्मदेशाची घडण आणखी निराळी. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते ज्या मूर्तीची स्थापना झाली ती रंगूनहूनच आणलेली होती. यातली कोणतीही शैली परकी नाही. पण गांधारच्या चुण्या आणि थाई ज्योत एकाच मूर्तीत आल्या की नजर कुठेच ठरत नाही.

खान्देशच्या उन्हात काय टिकते

काळा पाषाण म्हणजे आपला सह्याद्री-सातपुड्याचाच बेसाल्ट. अजिंठा याच दगडात आहे. ऊन, पाऊस, धूळ सगळे सोसतो, पण कठीण असल्याने काम सावकाश चालते आणि मजुरी वाढते. उघड्यावर बसवायची मूर्ती असेल तर दुसरा विचार करू नका. संगमरवर राजस्थानातून येतो, बारीक काम छान होते, विहाराच्या आत उत्तम. मात्र तेलाचे डाग त्यात मुरतात आणि आंबट पदार्थ त्याला खातात. सिमेंटमध्ये सळईवर निदान दीड इंचाचे आवरण हवे, नाहीतर सळई गंजते, फुगते आणि दोन-चार पावसाळ्यांत हाताला तडे जातात. फायबर हलके आणि स्वस्त, पण ४४-४५ अंशांच्या उन्हात रंग उडतो, पृष्ठभाग भुरभुरतो, सावलीतच ठेवावे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस विहारासाठी घेऊच नये.

सातपुड्याच्या सागात सुरेख मूर्ती होते. लाकूड वनखात्याच्या लिलावातले, पावती असलेले आणि पूर्ण वाळलेले घ्या. ओलसर लाकडाची मूर्ती पहिल्याच वैशाखात उभी तडकते. मोठ्या मूर्तीचा गाभा मागून पोखरून घेतला तर तडकण्याचा धोका बराच कमी होतो.

धातूची मूर्ती मधूच्छिष्ट विधानाने, म्हणजे मेणाचा नमुना करून ओतलेली असेल तर ती खरी हातची. मेणाच्या मूर्तीवर मातीचे थर देतात, तापवून मेण वाहून जाऊ देतात, रिकाम्या पोकळीत वितळलेला धातू ओततात, थंड झाल्यावर माती फोडतात. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून दोन मूर्ती कधी तंतोतंत सारख्या नसतात. घासून, कानस मारून केलेले शेवटचे काम बघा. बटा सगळ्या हुबेहूब एकसारख्या असतील आणि कानामागे किंवा काखेखाली जोडाची बारीक रेष असेल, तर ती मूर्ती कायमच्या साच्यातली. साच्यातली घेण्यात कमीपणा नाही, पण पैसे हातकामाचे देऊ नका.

घरी स्वतः मातीची करायची असेल तर आपली काळी माती एकटी वापरू नका, ती आकसते आणि भेगाळते. शाडू किंवा कुंभाराची चाळलेली माती घ्या आणि भाकरीच्या पिठासारखी मळा. बोटाभोवती वळवलेल्या वळीला चीर पडली नाही म्हणजे माती तयार झाली. फूटभराच्या मूर्तीची जाडी सगळीकडे साधारण इंचभर, आतून पोकळ, आणि बुडाला हवेसाठी भोक. भाजायची असेल तर वाळून-भाजून दहा टक्क्यांपर्यंत आकसेल हे धरूनच आकार मोठा ठेवा. एप्रिल-मे टाळा, बाहेरचा थर तासाभरात वाळतो आणि आतला ओला राहतो, तिथेच तडा जातो. दिवाळी ते संक्रांत हा काळ उत्तम. तरीही ओल्या गोणपाटाखाली, सावलीत, हळूहळू वाळू द्या.

मापे

जुन्या मूर्तिशास्त्रात माप बाहेरून येत नाही, मूर्तीच्या अंगातून येते. चेहऱ्याची लांबी, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत, म्हणजे १२ अंगुळे, म्हणजे एक ताल. उभी मूर्ती दहा तालांची, १२० अंगुळांची. तिबेटी परंपरेत १२५ धरतात. बैठ्या मूर्तीची सोपी तपासणी अशी: एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतची रुंदी आणि आसनापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंतची उंची जवळपास सारखी असावी. गुडघे आत ओढलेले असतील तर मूर्ती आखडून बसल्यासारखी दिसते. मग उष्णीषापासून ओळंबा सोडा. ऊर्णा, नाक, बेंबी आणि पायांच्या घडीचा मध्य एका रेषेत आले पाहिजेत.

विहारात माणूस जमिनीवर बसतो, त्याचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात. चौथरा साडेतीन फुटांचा आणि त्यावर तीन फुटांची मूर्ती असेल तर बसलेल्या माणसाला हनुवटी आणि नाकपुड्याच जास्त दिसतात. जाणता मूर्तिकार म्हणून मस्तक किंचित पुढे झुकवतो आणि वरचा भाग थोडा मोठा घेतो. त्याला चौथऱ्याची उंची आधीच सांगितली तरच हे जमते.

नमुना आणि करार

पूर्ण मूर्तीचा इसार देण्याआधी शाडूचा फूट-दीड फुटाचा नमुना करून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. घासाघीस करू नका, सगळ्यात मोलाचे काम इथेच होते. नमुना ठरलेल्या उंचीच्या स्टुलावर ठेवा, आठ-दहा फुटांवर जमिनीवर बसा. खोली अंधारी करून टॉर्च डावीकडून, उजवीकडून, समोरून, वरून धरा. एखाद्या बाजूने चेहरा रागीट किंवा रडवेला दिसला तर ओठांचे कोपरे आणि वरची पापणी यांतच दोष असतो. मातीत तो एका बोटाने सुधारतो. फक्त पदाधिकाऱ्यांनी पाहून भागणार नाही. गावातल्या आज्या-मावश्यांना बोलवा आणि एकच विचारा, "तोंड पाहीसन मन शांत व्हस का?" त्या जे सांगतील ते मूर्तिकाराने ऐकावे.

करारात मुद्रा, डोळे, शैली, दगडाचा प्रकार, उंची (चौथऱ्यासह आणि चौथऱ्याशिवाय), वाहतूक कोणाची आणि हप्ते कधी, हे सगळे असू द्या. हप्ते कामाशी बांधा: दगड निवडल्यावर, ओबडधोबड आकार आल्यावर, चेहरा झाल्यावर, बसवल्यावर. बुद्धपौर्णिमेची तारीख आधी छापून कारागिराच्या डोक्यावर बसू नका. घाई झाली की ती चेहऱ्यात उतरते.

मूर्तिकाराचे नाव बैठकीवर कोरण्याची अटही करारात घाला. चाळीसगावहून गौताळा अभयारण्याच्या बाजूने पितळखोऱ्याच्या लेण्यांना जाता येते. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे कोरलेले आहे. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांनंतरही घडवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, आणि आपल्या विहारांत दात्यांच्या नावांच्या लांबलचक पाट्या असतात पण कारागिराचे नाव कुठेच नसते. हे मला मनापासून खटकते.

काम चालू असताना

दगड निवडायला जा. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर दगड अखंड. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. मग दगड पाण्याने भिजवून वाळू द्या. बारीक भेग असेल तिथे ओल शेवटपर्यंत काळ्या रेषेसारखी टिकते. दगडावर समोरून आणि बाजूने आकृती आखली जाते, आणि सर्वांत पुढे येणाऱ्या नाक, गुडघे, हात या जागांपासून काम आत सरकते. नाक, कान आणि बोटांवर शेवटपर्यंत जास्तीचा दगड ठेवतात, कारण काढलेला दगड परत लावता येत नाही. ग्राइंडर सुरुवातीच्या कापणीला चालेल. चेहरा आणि हात मात्र छन्नीनेच व्हावेत. अभयमुद्रेचा हात सुटा ठेवण्याचा हट्ट धरू नका; मथुरेच्या शिल्पकारांनीसुद्धा हातामागे दगडाचा आधार ठेवलेला असे. चेहऱ्याचे काम सुरू झाले की एकदा जाऊन या, पण रोज फोन करून सूचना देऊ नका.

बसवणे

दगडाचे वजन घनफुटाला ७५ ते ८० किलो धरा. तीन फुटांची बैठी मूर्ती त्या हिशेबाने ३०० ते ५०० किलोंपर्यंत जाते. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर विटांचा चौथरा बांधला तर तो कलतोच. मुरूम लागेपर्यंत खणा, तिथून काँक्रीटचा पाया आणा. हे काम फरशी बसवण्याआधीचे आहे, म्हणूनच मूर्तीचा विचार आधी करायचा. धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेच्या मूर्तीला पहिल्या उपदेशाची आषाढ पौर्णिमा साजेशी, पण आषाढात आपल्या गाडरस्त्यांत क्रेन रुतते. मूर्ती चैत्र-वैशाखातच आणून बसवून घ्या, झाकून ठेवा आणि सोहळा पौर्णिमेला करा.

भंतेंना, म्हणजे भिक्खूंना, आधी भेटा. आपल्याकडे त्रिसरण-पंचशील आणि परित्राण पाठाने बुद्धरूपाची स्थापना होते. यात प्राणप्रतिष्ठेची कल्पना नाही, हे गावातल्या इतर पाहुण्यांनाही समजावून सांगा. श्रीलंकेत डोळे रंगवण्याचा वेगळा विधी असतो आणि कारागीर आरशात पाहून ते काम करतो. तिबेटी परंपरेत पोकळ मूर्तीत मंत्रांच्या गुंडाळ्या भरतात. धातूची पोकळ मूर्ती असेल तर आपणही गावाचे नाव, साल आणि धम्मपदातली एखादी गाथा तांब्याच्या पत्र्यावर कोरून आत ठेवू शकतो.

स्थापनेनंतर मूर्तीवर तेल, दूध, हळद काही ओतू नका. मेणबत्त्या आणि अगरबत्त्या मूर्तीपासून निदान तीन फुटांवर, खाली ताटात ठेवा. काजळी सर्वांत आधी हनुवटीखाली आणि हातांवर धरते. धूळ रोज कोरड्या मऊ ब्रशने, वरून खाली झाडा. संगमरवर महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पुसा, ॲसिड आणि लिंबू अजिबात नको. पितळेला चिंच-मिठाने वारंवार घासू नका, त्याने दर वेळी थोडी नजाकत झिजते. कोरडे फडके पुरते. लाकडाला वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाशी, जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि फडक्याने पूर्ण टिपून घ्या. काँक्रीटच्या मूर्तीत केसाएवढी भेग दिसली तरी त्याच उन्हाळ्यात बुजवा, आणि पहिल्या पावसानंतर मूर्तिकाराला बोलावून एकदा दाखवा.